सहा ओळींचा कागद

सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात बहुधा 'इन्स्टॉल' नावाची एक छोटीशी फाइल असते. हे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर कसे बांधायचे आणि कसे चालू करायचे, याच्या सूचना तिच्यात असतात. सॉफ्टवेअर ज्याने लिहिले त्यानेच बहुधा ही फाइलही लिहिलेली असते. पण सगळ्यात शेवटी, दमल्यावर. कार्याचा सगळा स्वयंपाक निगुतीने करावा आणि पानात मीठ वाढायचे राहून जावे, तशी तिची गत होते. गेली जवळजवळ तीस वर्षे मी अशा फाइली वाचत आलो आहे. काही लिहिल्याही आहेत. माझ्या हातच्या अशाच एका कागदाविषयी आज लिहायचे आहे. दोन पानांच्या किचकट सूचना मी त्यावर सहा ओळींत बसवल्या होत्या आणि त्या वेळी त्याचे फार कौतुक झाले होते. आज मला त्या कागदाची लाज वाटते. सूचना सोप्या हव्यात, हे सगळ्यांनाच पटते. पण सोपे करताना नेमके काय गाळायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे सहसा कोणी बोलत नाही. म्हणून हा प्रपंच.

गोष्ट 2003 सालची. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक केंद्राची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. जुन्या प्रश्नपत्रिका, प्राध्यापकांच्या नोट्स, प्रकल्पांचे अहवाल असे बरेच साहित्य आम्ही आतल्या नेटवर्कवर ठेवले होते. ते फक्त आपल्याच विद्यार्थ्यांना दिसावे, अशी संस्थेची अट होती. ही पाने पुरवण्याचे काम 'अपाची' हा वेब सर्व्हर करीत असे. 1995 मध्ये काही मंडळींनी एनसीएसएच्या जुन्या सर्व्हरला ठिगळे लावता लावता उभा केलेला हा फुकट सर्व्हर तोवर जगभर पसरला होता. त्याच्याकडे कुलपाची एक साधी सोय होती. नावे आणि पासवर्ड एका फाइलीत लिहून ठेवायचे. कोणी दाराशी आले की सर्व्हर ती फाइल वरपासून वाचत जाई. थोड्या नावांना हे चालते. काहीशे नावांच्या पुढे गाडी मंदावते, असे अपाचीची माहितीपुस्तिकाच सांगते. आमचे विद्यार्थी होते दोन हजारांच्या घरात आणि दर जूनमध्ये जुने जाऊन नवे येत. शिवाय हीच सगळी नावे ग्रंथालयाच्या 'मायएसक्यूएल' डेटाबेसमध्ये आधीच होती. एकच यादी दोन ठिकाणी सांभाळायची म्हणजे दोन्हीकडे चुका ठरलेल्या.

यावर उपाय होता. अपाचीला बाहेरून जोडता येणारे एक एक्स्टेन्शन मिळत असे. आपण त्याला पुरवणी म्हणू (आपल्या हातात आहे ती रविवारची नव्हे). वाड्याच्या दारावर असा रखवालदार ठेवायचा, की तो स्वतःकडे कसलेच बाड बाळगणार नाही. कोणी आले की आत जाऊन कारकुनाला विचारेल, 'हे गृहस्थ आपल्या वहीत आहेत का?' कारकून म्हणजे डेटाबेस. अशा पुरवण्या त्या काळी एकाहून अधिक जणांनी लिहिल्या होत्या आणि गंमत म्हणजे बहुतेकांची नावेही सारखीच होती. त्यांतली एक मी उतरवून घेतली.

आमच्याकडच्या सीडीवर ती तयार रूपात नव्हती. मिळाली ती सी भाषेतली मूळ संहिता. हाती संहिता आली म्हणून प्रयोग होत नाही, नाटक बसवावे लागते. तसेच इथेही. संहिता आपल्या मशीनला कळेल अशा रूपात आणायची, अपाचीशी आणि मायएसक्यूएलशी तिचे सांधे जुळवायचे, यालाच बांधणी म्हणायचे. बांधणीच्या सूचना दोन पाने होत्या आणि पहिल्याच आज्ञेला संगणकाने उत्तर दिले, की मायएसक्यूएलची अमुक नावाची फाइल सापडत नाही.

आता मायएसक्यूएल तर आमच्याकडे रोज चालत होते. मग त्याची फाइल नाही कशी? तीन दिवस मी हा शोध घेत होतो. उत्तर अगदी साधे निघाले. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत एखादे सॉफ्टवेअर दोन पुडक्यांत येते. एक वापरणाऱ्यासाठी, दुसरे त्याच्या आधाराने नवे काही बांधणाऱ्यासाठी. आमच्याकडे पहिलेच पुडके होते. सूचना लिहिणाऱ्याने बहुधा मायएसक्यूएल स्वतःच संहितेपासून बांधले असावे. तसे केले की दोन्ही वस्तू एकदमच येतात. त्यामुळे दुसरे पुडके लागते हे त्याच्या ध्यानातच येण्याचे कारण नव्हते. तो खोटे बोलत नव्हता, आळसही करीत नव्हता. त्याच्या टेबलावर ती वस्तू होती, म्हणून जगात सगळ्यांच्याच टेबलावर ती असणार, असे त्याने धरले होते. आपण पाहुण्यांना घराचा पत्ता सांगताना 'डेअरीच्या इथे वळा' म्हणतो आणि त्या गल्लीत तीन डेअऱ्या आहेत हे आपल्याला कधी दिसतच नाही, त्यातलाच प्रकार.

त्या दिवसांत 'कमवा आणि शिका' योजनेतून दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे कामाला येत असे. बार्शीकडची. लिनक्सला तिने त्याआधी हात लावलेला नव्हता. मी वैतागून सूचनांची प्रत तिच्या हाती दिली आणि म्हटले, तू मोठ्याने वाच, मी टाइप करतो. ती वाचू लागली आणि दर ओळीला थांबू लागली.

"सर, इथे लिहिलंय, अपाची नेहमीप्रमाणे बांधून घ्या. नेहमीप्रमाणे म्हणजे?"

"म्हणजे आपण एरवी बांधतो तसं."

"पण सर, आपण तर पहिल्यांदाच बांधतोय."

तांत्रिक लेखनाविषयी पुढे मी बरेच काही वाचले, पण या वाक्याइतके मला कशानेच शिकवले नाही. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द म्हणजे लिहिणाऱ्याने मिटलेले डोळे. आपल्याकडच्या जुन्या बायका पदार्थ सांगताना 'नेहमीची फोडणी कर' आणि 'अंदाजाने मीठ घाल' म्हणत. ज्या मुलीने कधी फोडणीच केलेली नाही तिचे तिथेच अडत असे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप दिले आणि नवख्या सुना तरून गेल्या. कमलाबाईंना अंदाज येत नव्हता म्हणून काही त्यांनी वाट्या मोजल्या नाहीत. वाचणारीला तो नसणार, हे त्यांनी ओळखले होते.

दोन दिवस आमचे हे वाचन चालले. तिच्या प्रत्येक 'हे कशासाठी?'ला मला उत्तर द्यावे लागे आणि ज्या ओळीला उत्तर देता येत नसे ती ओळ बहुधा अनावश्यक निघे. दुसऱ्या पुडक्याची आज्ञा मी सुरुवातीलाच घातली. बांधणीचे दोन मार्ग दिलेले होते, त्यांतला लांबचा काढून टाकला. बांधलेली पुरवणी अपाचीला चालू होताना सापडत नाही, हे दुखणे एका आज्ञेने बरे होते. ती आज्ञा सूचनांत कुठेच नव्हती, ती घातली. इथपर्यंत सगळे उत्तम झाले. आजही मला त्यात काही वावगे वाटत नाही.

उरले दोन परिच्छेद. पहिल्यात म्हटले होते, की रखवालदारासाठी डेटाबेसमध्ये एक वेगळा वापरकर्ता तयार करा आणि त्याला फक्त विद्यार्थ्यांचा तक्ता वाचण्यापुरताच अधिकार द्या. दुसऱ्यात पासवर्ड कोणत्या रूपात साठवायचे याचे पर्याय होते. पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवायचा नसतो, तो दळून ठेवायचा असतो. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. मात्र तेच गहू त्याच जात्यात पुन्हा टाकले तर तेच पीठ पडते की नाही, एवढे ताडून पाहता येते. माणूस खरा की खोटा हे ओळखायला तेवढे पुरते. आता जाते कोणते वापरायचे, हा प्रश्न होता. ग्रंथालयाच्या तक्त्यात तर पासवर्ड उघडेच होते, बहुतेक जन्मतारखाच. ते दळून घ्यायचे तर ग्रंथालयाचा प्रोग्राम बदलावा लागणार, त्यासाठी ग्रंथपालांशी बोलावे लागणार, शिवाय कोणता अधिकार कोणाला, हे ठरवायला बसावे लागणार. दोन्ही परिच्छेदांत विचार करावा लागत होता. मी ते दोन्ही काढून टाकले. वेगळ्या वापरकर्त्याच्या जागी 'रूट' लिहिले. रूट म्हणजे डेटाबेसचा सर्वाधिकारी, आणि त्या काळी नव्या मायएसक्यूएलमध्ये तो पासवर्डशिवायच येत असे; आमच्याकडे तो तसाच राहिला होता. पासवर्डच्या बाबतीत 'दळू नये' हा पर्याय टाकला.

"सर, इथे रूटच का?" तिने विचारले.

"सध्या चालू तर होऊ दे," मी म्हणालो.

आणि ते चालू झाले. चार ओळी बांधणीच्या, दोन ओळी मांडणीच्या. जूनमध्ये नवे विद्यार्थी आले, ग्रंथालयात त्यांची नावे चढली आणि आमची दारे त्यांना आपोआप उघडू लागली. त्या वर्षी इतर महाविद्यालयांतले लोक आमच्याकडे एका कार्यशाळेला आले. सगळ्यांनी त्या कागदाच्या झेरॉक्स नेल्या. 'इतकं सोपं कोणी सांगितलंच नव्हतं,' असे एका प्राध्यापकांनी भाषणात म्हटले आणि मी मनातून फुललो. पुढे आमच्याकडचे मशीन बदलले, मी नोकरी बदलली, कागद विसरलो.

2009 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून फोन आला. सर्व्हर जुना झाला होता, नव्यावर विद्यार्थ्यांची लॉगिन व्यवस्था उभी राहत नव्हती, आणि 'मूळ पद्धत तुमचीच आहे' असे त्यांचे म्हणणे होते. मी एसटीने गेलो. केंद्राच्या भिंतीवर माझा कागद होता. त्याला प्लास्टिकचे आवरण घातलेले होते.

जुन्या सर्व्हरची मांडणी उघडली आणि पोटात गोळा आला. रूट, पासवर्ड कोरा. फाइल कोणालाही वाचता येईल अशी. त्याच मशीनवर मुलांना प्रोग्रामिंगच्या सरावासाठी खाती दिलेली होती. म्हणजे त्यांच्यापैकी कोणीही एक आज्ञा टाइप करून डेटाबेसचा मालक होऊ शकत होता. मी ती आज्ञा टाइप केली. सहा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे पासवर्ड एका खाली एक उघडे पडले. जन्मतारखा होत्या, आईची नावे होती, मोटरसायकलचे नंबर होते, नटनट्या होत्या. शिक्षकांचेही होते. शेजारी उभे असलेले एक तरुण प्राध्यापक पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझ्या ई-मेलचाही हाच आहे."

त्याच डेटाबेसमध्ये आणखी एक तक्ता होता. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण. 

प्राचार्यांच्या खोलीत बसल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "या गुणांत कोणी हात घातलेला नाही, असं तुम्ही लेखी द्याल?" मला देता येईना. कोणी काही बदलले असेल असे मला वाटत नव्हते. पण रखवालदार रूटच्या नावाने येत होता, परीक्षा विभागाचा प्रोग्राम रूटच्या नावाने येत होता, आणि एखादा विद्यार्थी आलाच असता तर तोही रूटच्याच नावाने आला असता. जिथे सगळ्यांचे नाव एक, तिथे नोंदवही असूनही उपयोग नाही. शेवटी शिक्षकांच्या कागदी वह्या काढून चालू वर्षाचे सगळे गुण पुन्हा ताडून पाहावे लागले. ते काम दीड आठवडा चालले. मागच्या वर्षांच्या बऱ्याच वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्या मुलांचे गुण खरे होते की नाही, हे कोणालाच कधी कळणार नाही. मी जो परिच्छेद गाळला होता, त्यात लिहिलेली आज्ञा एका ओळीची होती. ती टाइप करायला अर्धा मिनिट पुरले असते.

तेव्हापासून मी सूचनांकडे एका निराळ्या नजरेने पाहतो. कोणत्याही कृतीत दोन जातींच्या पायऱ्या असतात. काही हमालीच्या, काही निर्णयाच्या. फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते शोधणे, दुसरे पुडके आणणे, सांधा जुळतो का पाहणे, ही हमाली. ती कोणीही केली, कितीही वेळा केली, तरी उत्तर एकच येते. म्हणून ती यंत्राकडे द्यावी. कोणाला किती अधिकार द्यायचा, गुपित कोणत्या रूपात ठेवायचे, दार कोणत्या बाजूला उघडायचे, हे निर्णय. त्यांचे उत्तर घरोघरी वेगळे असते. आपली फसगत अशी होते, की वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच कंटाळवाण्या दिसतात आणि लिहिणाऱ्याला निर्णयाची पायरी गाळणे फार सोपे जाते, कारण ती गाळली तरी काम अडत नाही. हमालीची पायरी गाळली तर संगणक लगेच ओरडतो. निर्णयाची गाळली तर तो सहा वर्षे गप्प बसतो.

हा दोष माझ्या एकट्याचा होता असे मात्र नाही. मायएसक्यूएलकडेच पाहा. कोरा रूट, अनामिक खाती, सरावाचा उघडा डेटाबेस, अशा अवस्थेत ते वर्षानुवर्षे हाती येत असे, आणि हे सगळे बंद करण्यासाठी एक वेगळा प्रोग्राम बरोबर दिलेला असे. पण तो चालवणे ऐच्छिक होते. ऐच्छिक पायरी म्हणजे शंभरातल्या किती जणांनी चालवली असेल, याचा अंदाज ज्याने कधी कार्यालयात 'इच्छुकांनी' असे परिपत्रक काढले आहे त्याला करता येईल. 2015 मधल्या 5.7 या आवृत्तीपासून रूटला आपोआप एक अटकळबाह्य पासवर्ड मिळू लागला. 'मोंगोडीबी' या दुसऱ्या डेटाबेसने तर पाच मिनिटांत चालू होण्याच्या सोयीची जबर किंमत मोजली. 2017 च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले त्याचे हजारो डेटाबेस कोणीतरी पुसून टाकले आणि मागे खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. कुलूप लावणे शक्य होते. लावलेच पाहिजे असे मात्र कोणी म्हटले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 3.6 आवृत्तीपासून तो मुळात आपल्या मशीनपुरतेच दार उघडे ठेवतो. बाहेरच्यांसाठी उघडायचे तर तसे मुद्दाम सांगावे लागते.

दुसऱ्याने घेतलेला निर्णय नुसता उतरवून घेतला तर तो केव्हा शिळा होतो, हेही कळत नाही. त्या काळच्या कितीतरी सूचनापत्रांत पासवर्ड दळण्यासाठी मायएसक्यूएलचे स्वतःच्या खात्यांसाठीचे जाते वापरायला सांगितलेले असे आणि तक्त्यात सोळा अक्षरांची जागा ठेवायला. मायएसक्यूएलची पुस्तिका सांगत होती, की हे जाते आमच्या घरचे आहे, तुम्ही आपले वेगळे वापरा. 2004 मध्ये 4.1 आवृत्ती आली, पीठ सोळाऐवजी एक्केचाळीस अक्षरांचे पडू लागले आणि सोळाच्या डब्यात ते मावेना. पुढे 2018 मध्ये 8.0 आवृत्तीतून ते जातेच नाहीसे झाले. सूचना मात्र अजूनही फिरताना दिसतात.

चांगले उदाहरणही देतो, नाहीतर वाचक म्हणतील की हा माणूस नुसता रडतो. डिसेंबर 2005 मध्ये अपाचीची 2.2 ही आवृत्ती आली आणि डेटाबेसला विचारणारा रखवालदार तिच्याबरोबरच मिळू लागला. निरनिराळ्या डेटाबेसांशी बोलण्याचा एक सामाईक दुभाषा तिच्यात होता. ज्या सांध्यांसाठी मी तीन दिवस डोके फोडले, ते लिनक्सच्या तयार पुडक्यांत कोणीतरी एकदाच, सगळ्यांच्या वतीने जुळवून ठेवू लागले. हमाली संपली. पण मला खरे कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. डेटाबेसला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या तक्त्यातला कोणता रकाना मागायचा, ते वाक्य व्यवस्थापकाने स्वतःच्या हाताने लिहायचे असते. ते कोणी तयार करून देत नाही. आणि लिनक्सवर पासवर्ड उघडा ठेवायचा म्हटले तर तो रखवालदार ते चालवूनच घेत नाही; दळलेलाच लागतो. म्हणजे माझ्या सहा ओळींतल्या चार तिथे नाहीशा झाल्या आणि मी गाळलेले दोन परिच्छेद परत आले. ज्या कोणी हे रचले त्यांना माझा कागद माहीत असण्याचे कारण नाही, पण मला तो वैयक्तिक टोमणा वाटतो.

हमाली यंत्राकडे दिली की काम संपले, असे मात्र नाही. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' नावाचे साधन लिहायला घेतले. तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही, हे स्वतः तपासून बांधणीची तयारी करणारी लिपी ते तयार करून देते. उपकार मोठे आहेत. त्यामुळे पानेच्या पाने सूचना जाऊन तीन आज्ञा उरल्या. पण ही तयार लिपी हजारो ओळींची असते आणि ती कोणीही वाचत नाही. मीही नाही. याचा फायदा कोणी घेईल, हे 2024 मध्ये दिसले.

'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे एक साधे, जुने सॉफ्टवेअर. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले, की त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे गृहस्थ. सुरक्षा हा त्यांचा रोजचा विषय नव्हे. दूरच्या मशीनमध्ये एसएसएचने शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्यांना खटकले होते. माग काढता काढता ते बांधणीच्या लिपीपर्यंत पोचले. सर्वांसमोर उघड्या असलेल्या संहितेत बांधणीची ती कळ नव्हती. वाटण्यात येणाऱ्या गाठोड्यातल्या बांधणीच्या लिपीत मात्र काही जादा ओळी होत्या. बांधणी सुरू झाली, की त्या ओळी चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींच्या पोटातून लपवलेला तुकडा उकरून काढत आणि सॉफ्टवेअरमध्ये शिवून टाकत. लिनक्सच्या काही प्रकारांत एसएसएचचा रखवालदार तेव्हा आडवळणाने याच सॉफ्टवेअरचा आधार घेत असे. म्हणजे दाबण्याच्या प्रोग्राममधून वाट निघत होती ती थेट दारावरच्या ओळखपरेडीपर्यंत. ज्याने हे केले तो टोपणनावाने दोनेक वर्षे इमानदारीने काम करून मूळ लेखकाचा विश्वास मिळवत होता. ही आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या लिनक्समध्येच पोचली होती, म्हणून निभावले.

चोराने लपण्यासाठी बांधणीचीच जागा निवडली, कारण तिथे कोणी फिरकत नाही हे त्याला माहीत होते. म्हणून सूचना सोप्या करण्याचा माझ्या लेखी आणखी एक अर्थ आहे. ज्या हजारो ओळी यंत्राने आपल्यासाठी वाचायच्या, त्या कमी व्हायला हव्यात आणि एखाद्या माणसाला पाहिजे तेव्हा बसून वाचता येतील अशा हव्यात. इंटरनेटवरून एक लिपी खाली ओढायची आणि ती सर्वाधिकाऱ्याच्या नावाने तशीच चालवायची, अशी एका ओळीची कृती हल्ली अनेक सॉफ्टवेअरे देतात. ती ओळ छोटी असते, हे खरे. माझ्याही सहाच होत्या.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो मला पोकळ वाटत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयात एकच माणूस संगणक, प्रिंटर, वायरिंग आणि परीक्षेचे निकाल सांभाळत असतो. त्याला निर्णय शिकवत बसाल तर तो कुलूप लावायचेच सोडून देईल. उघड्या दारापेक्षा कच्चे कुलूप काय वाईट? त्या माणसाच्या जागी मी बसलेलो आहे, म्हणून मला हे समजते. पण त्याच्यावरचा भार कमी करायचा तर तो लिहिणाऱ्याने उचलला पाहिजे. 'वेगळा वापरकर्ता तयार करा' असे नुसते लिहून त्याच्या गळ्यात का मारायचे? पुरवणीनेच विचारावे: तक्त्याचे नाव काय, रकान्याचे नाव काय? आणि उत्तर मिळाले की तेवढ्याच अधिकाराचा वापरकर्ता तिने स्वतः तयार करावा. उत्तर नाही मिळाले तर पुढे जायला नकार द्यावा. प्रश्न दोनच. आणि तो मनुष्य एका शैक्षणिक वर्षातून एकदा दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही असे समजणे, हा त्याच्यावरचा विश्वास नव्हे आणि दयाही नव्हे. आपल्याला ते प्रश्न विचारणारा प्रोग्राम लिहायचा कंटाळा असतो, हे त्यातले खरे कारण.

सांगलीहून परतल्यावर मी कागद नव्याने लिहिला. जुना ज्यांनी नेला होता त्यांपैकी जे आठवले त्यांना फोन केले, पत्रे लिहिली. काहींनी आभार मानले. एका गृहस्थांनी सांगितले, की इतकी वर्षे सुरळीत चालले आहे, आता कशाला हात लावायचा. बाकीच्या झेरॉक्स कुठे कुठे गेल्या, त्याचा पत्ता मला नाही.

ती बार्शीकडची मुलगी आता पुण्यातच एका कंपनीत मोठ्या जबाबदारीच्या जागेवर आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला. त्यांच्या लॉगिनच्या एका पुरवणीच्या बांधणीसूचना तिने नव्याने लिहिल्या होत्या. इतर गावांतल्या गटांना त्या पाठवण्याआधी कोणीतरी नवख्याने वाचायला हव्या होत्या. "सर, मोठ्यानं वाचा आणि अडलात की थांबा," ती म्हणाली. मी फोनवरच वाचू लागलो. सूचना छान होत्या, जेमतेम एक पान. चौथ्या ओळीत नमुन्याची तयार मांडणी उतरवून घ्यायला सांगितले होते. मी ती फाइल उघडली. तिच्यात डेटाबेसचा वापरकर्ता म्हणून सर्वाधिकाऱ्याचेच नाव होते.

"हे कशासाठी?" मी विचारले.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"सध्या चालू तर होऊ दे, म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी प्रत पाठवली. ती पाच ओळींनी लांबली होती.